मेंबर नसलेल्यांनाही मेलिंग लिस्टवर लिहू द्यायचं, पण स्पॅम नको: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूरमधे मराठी मंडळं, भजनी मंडळं, शाळेच्या जुन्या बॅचेस, सोसायट्या अशा बर्‍याच जणांच्या ई-मेल लिस्टा (एका पत्त्यावर लिहिलं की सगळ्या मेंबरांना मेल जातो अशा) अजून चालू आहेत आणि त्या सांभाळणारे लोक नोकरी, घर बघून उरलेल्या वेळात हे करतात. आमच्या मंडळाची लिस्ट मी बघते म्हणून बाकीच्या लिस्टवाल्यांचे फोन येतात आणि प्रश्न फिरून फिरून तेच असतात, ते इथे एकत्र लिहिलेत.

मेंबर नसलेल्याला लिहू द्यायचंच कशाला? आधी सबस्क्राइब कर म्हणायचं, विषय संपला.

कारण ज्याला खरी गरज असते तो बहुतेक वेळा मेंबर नसतोच. पिथमपूरला नोकरी लागलेला सोलापूरचा मुलगा, त्याला सुदामा नगरकडे खोली पाहिजे. पुण्याची एखादी ताई, तिचे पणजोबा होळकर दरबारात कारकून होते आणि रामबागेत त्यांचं घर नक्की कुठं होतं ते तिला शोधायचंय. बंगळूरला गेलेली मुलगी, तिला इथे एकट्या राहणार्‍या आईसाठी पोळ्यांना बाई हवीय. या सगळ्यांना एकच प्रश्न विचारायचाय आणि त्यासाठी आपण त्यांना सांगतो की आधी फॉर्म भरा, मग कन्फर्मेशनचा मेल येईल तो उघडा, लिंक दाबा, पासवर्ड ठेवा, मग लिहा, आणि उत्तर मिळालं की परत अनसबस्क्राइब करा नाहीतर गणेशोत्सवाच्या वर्गणीचे मेल आयुष्यभर येत राहतील. बरेच जण फॉर्मवरूनच परत जातात आणि आपल्याला कळतसुद्धा नाही की कोणी आलं होतं.

आणि दुसरी बाजू बघा, लिस्टवर जे काका-मावश्या आहेत त्यांना या गावाची खडानखडा माहिती आहे, कुठला वाडा कधी पडला, कोणाची मुलगी कुठं दिली, कुठल्या दवाखान्यात मराठी बोलणारे डॉक्टर आहेत. ही माहिती फक्त आपसात फिरवायची असेल तर लिस्ट बंद ठेवा, माझी काही हरकत नाही, पण मग बाहेरगावच्या मराठी माणसांसाठी मंडळ आहे असं म्हणू नका. लिनक्स कर्नल, म्हणजे लिनक्स या फुकट ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, त्याच्या मेलिंग लिस्टवर आजही मेंबर नसलेला माणूस थेट लिहू शकतो, कारण ज्याला बिघाड सापडला त्याला तो सांगण्यासाठी आधी मेंबर व्हायला लावणं त्यांना परवडत नाही. आपलंही तेच आहे.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप असताना ई-मेल लिस्ट हवीच कशाला?

ग्रुपमधे घ्यायला अ‍ॅडमिनकडे नंबर द्यावा लागतो, मग तो नंबर सगळ्यांना दिसतो, आणि तीन वर्षांपूर्वी कोणी काय सांगितलं होतं ते शोधायला गेलं की गुड मॉर्निंगच्या फोटोंखाली गाडलेलं असतं. अनोळखी माणसाला ई-मेलचा पत्ता देणं सोपं पडतं. दोन्ही ठेवा.

बरं, मग सगळ्यांनाच उघडं ठेवलं, कोणीही लिहा म्हटलं, तर बिघडतं काय?

पहिले काही दिवस काहीच बिघडत नाही, म्हणूनच लोक फसतात. लिस्टचा पत्ता कुठल्यातरी वेबसाइटवर असतो, पत्ते गोळा करत फिरणारे प्रोग्रॅम तो उचलतात, आणि एकदा का तो पत्ता त्यांच्या यादीत गेला की परत निघत नाही. मग एक स्पॅम मेल म्हणजे चारशे मेंबर असतील तर चारशे स्पॅम मेल, आणि ते तुमच्या सर्व्हरनं, तुमच्या नावानं पाठवलेले. मेंबर काय करतात, वैतागून 'स्पॅम' बटण दाबतात. ते बटण त्या मूळ भामट्याला लागत नाही, तुमच्या लिस्टला लागतं. जीमेलनं फेब्रुवारी 2024 पासून मेल पाठवणार्‍यांसाठी नियम कडक केलेत, स्पॅमच्या तक्रारी 0.3 टक्क्यांच्या खाली राहिल्या पाहिजेत असं ते सांगतात. मोठ्या कंपन्यांसाठी ही बारीक टक्केवारी झाली पण आपल्या चारशेच्या लिस्टवर दोन जणांनी बटण दाबलं की आपण वर गेलो. त्यानंतर कोजागिरीचं आमंत्रणसुद्धा लोकांच्या स्पॅम फोल्डरमधे पडायला लागतं आणि मग फोन येतात की या वेळी कळवलं नाही.

शिवाय आर्काइव्ह, म्हणजे लिस्टवरच्या जुन्या मेलचा साठा, वेबवर उघडं असेल तर तो स्पॅम तिथे कायमचा राहतो, त्यातल्या लिंक्स गूगलला सापडतात, आणि स्पॅम टाकणार्‍याला नेमकं तेच पाहिजे असतं.

मग सेटिंग नक्की काय ठेवायचं?

एका ओळीत: मेंबरचा मेल सरळ जाऊ दे, मेंबर नसलेल्याचा मेल थांबवून ठेव, माणसानं एकदा बघावा, बरा असला तर सोडावा आणि त्या अ‍ॅड्रेसला पुढच्या वेळेसाठी मोकळीक द्यावी. जुन्या वाड्यांमधे अनोळखी माणूस ओसरीपर्यंत येतो, बसतो, पाणी मिळतं, कोण कुठले विचारतात, मग पुढचं. इथेही तसंच.

आता बटणं. मेलमन हे लिस्ट चालवायचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर मेंबर नसलेल्यांसाठी चार पर्याय दिसतात: अ‍ॅक्सेप्ट, होल्ड, रिजेक्ट, डिस्कार्ड. अ‍ॅक्सेप्ट म्हणजे दार सताड उघडं, ते नको. रिजेक्ट म्हणजे मेल परत जातो, सोबत कारण जातं, ऐकायला सभ्य वाटतं पण त्यात एक मोठी गोची आहे, ती ऑटो-रिप्लायच्या प्रश्नात सांगते. डिस्कार्ड म्हणजे गुपचूप कचर्‍यात, पाठवणार्‍याला काहीच कळत नाही, तो बिचारा वाट बघत बसतो, हे मला सगळ्यात वाईट वाटतं आणि दुर्दैवानं कंटाळलेले अ‍ॅडमिन हेच लावून ठेवतात. आपल्याला हवंय होल्ड. मेलमनमधे मुळात होल्डच असतं, कोणी बदललं नसेल तर. तरी एकदा उघडून बघा, कारण आधीच्या सेक्रेटरींनी काय करून ठेवलंय ते कोणाला माहीत नसतं.

गूगल ग्रुप्समधे हेच काम दोन ठिकाणी करावं लागतं आणि लोक एकच करतात. कोण पोस्ट करू शकतं तिथे 'वेबवरचं कोणीही' ठेवायचं आणि मेसेज मॉडरेशनमधे (मॉडरेशन म्हणजे सोडायच्या आधी मेल तपासणं) नॉन-मेंबरचे मेसेज मॉडरेट करा हे लावायचं. पहिलं केलं आणि दुसरं राहिलं की झालं, दार उघडं. आणि उलट, दुसरं लावलं पण पहिलं राहिलं तर बाहेरच्याचा मेल तुमच्यापर्यंत येतच नाही, परत जातो, आणि तुम्हाला वाटतं कोणी लिहीतच नाही. सेटिंग केल्यावर घरातल्या कोणाच्या तरी अ‍ॅड्रेसवरून, जो मेंबर नाही अशा, एक मेल टाकून बघाच.

थांबवलेल्या मेलमधून खरा कुठला, स्पॅम कुठला ते कसं ओळखायचं?

यावर जरा सविस्तर लिहिते कारण चुका इथेच होतात.

सकाळी पेंडिंग, म्हणजे थांबवलेल्या मेलची रांग, उघडली की साधारण असं दिसतं. पहिला मेल, सुंदर इंग्रजी, तुमची वेबसाइट गूगलवर वर आणून देतो. दुसरा, इनव्हॉइस जोडलंय बघा, सोबत झिप फाइल. तिसरा, 'आदरणीय महोदय, आपल्या संस्थेच्या उज्ज्वल कार्यास्तव' वगैरे मराठी, वाक्यं व्याकरणाला धरून पण कोणी बोलत नाही अशी, हल्ली मशीननं भाषांतर केलेला असा मालही येतो. आणि चौथा: सब्जेक्ट रिकामा, मराठी पण रोमन लिपीत, सगळं एका वाक्यात, फुलस्टॉप नाही, 'काका मी अमुकचा नातू माझे आजोबा मिलमधे होते त्यांच्याबरोबरचे कोणी आहेत का', खाली सही नाही, फक्त मोबाइल नंबर.

चौथा खरा आहे. आणि दिसायला तोच सगळ्यात स्पॅमसारखा आहे. म्हणून नीटनेटकेपणावर जाऊ नका. मी एवढंच बघते की या मेलमधे असा प्रश्न आहे का ज्याचं उत्तर फक्त आपल्या लिस्टवरची माणसं देऊ शकतात. गल्लीचं नाव, गावाचं नाव, आडनाव, कोणाचा तरी नातू, कुठल्या तरी सालची शाळा, असं काही असलं की तो माणूस आहे. स्पॅमवाल्याचा मेल तुमच्या लिस्टला पाठवला काय आणि भोपाळच्या सिमेंट डीलरला पाठवला काय, एक शब्द बदलावा लागत नाही.

शंका असेल तर त्या माणसाला स्वतःच्या अ‍ॅड्रेसवरून दोन ओळी लिहा, 'नमस्कार, तुमचा मेल मिळाला, जरा सविस्तर सांगाल का'. खरा माणूस त्याच दिवशी उत्तर देतो. आणि हे मात्र पक्कं लक्षात ठेवा की खात्री करायला म्हणून थांबवलेल्या मेलमधली लिंक किंवा अटॅचमेंट उघडायची नाही, कधीच नाही, कोणी कितीही ओळखीचं नाव खाली लिहिलेलं असलं तरी.

एकदा मंजूर केलेल्या माणसाला दर वेळी थांबवायचं का?

नको, त्यात त्याचाही अपमान आणि तुमचीही मेहनत. मेलमनच्या दुसर्‍या व्हर्जनमधे मेल मंजूर करतानाच खाली चौकट असते, हा अ‍ॅड्रेस यापुढे अ‍ॅक्सेप्टच्या यादीत टाका म्हणून. तिसर्‍या व्हर्जनमधे ज्यांनी ज्यांनी बाहेरून लिहिलं त्यांची वेगळी नॉन-मेंबर यादी आपोआप तयार होते आणि प्रत्येकासमोर काय करायचं ते ठरवता येतं. काही महिने हे केलं की रोजचं काम एकदम कमी होतं, कारण बाहेरून लिहिणारे खरे लोक बरेचसे तेच ते असतात.

आणखी एक सोय फार कमी लोकांना माहीत आहे. मंडळाच्या दोन लिस्टा असतील, समजा एक मुख्य आणि एक युवा विभागाची, तर मेलमनमधे अ‍ॅक्सेप्टच्या यादीत दुसर्‍या लिस्टचं नाव अ‍ॅट चिन्ह लावून टाकता येतं. त्या लिस्टचे सगळे मेंबर मग इकडे न अडकता लिहू शकतात.

मेंबरच आहेत पण ऑफिसच्या अ‍ॅड्रेसवरून लिहितात आणि अडकतात, त्यांचं काय?

पेंडिंगमधले निम्मे 'अनोळखी' हेच असतात. घरचा जीमेल सबस्क्राइब केलेला, लिहितात कंपनीच्या अ‍ॅड्रेसवरून, किंवा मुलानं नवीन फोन दिला आणि त्यात मुलाचंच अकाउंट लॉग-इन आहे म्हणून वडिलांचा मेल मुलाच्या नावानं येतो. त्यांचा दुसरा अ‍ॅड्रेसही मेंबर म्हणून टाका पण डिलिव्हरी बंद ठेवा, म्हणजे लिहिता येतं आणि प्रत्येक मेल दोनदा येत नाही.

पण 'फ्रॉम' खोटं टाकता येतं ना? मग मेंबरच्या नावानं कोणी स्पॅम पाठवला तर?

येतं. मेल एका सर्व्हरवरून दुसर्‍यावर जातो तो ज्या पद्धतीनं, ती एसएमटीपी 1982 साली लिहिली गेली आणि त्यात पाठवणारा जे नाव सांगेल ते खरं मानलं जायचं. त्यावर उपाय नंतर आले. एसपीएफमधे डोमेनवाला (डोमेन म्हणजे पत्त्यातला @ नंतरचा भाग) जाहीर करतो की माझे मेल फक्त या सर्व्हरवरून निघतात, डीकिममधे मेलवर डिजिटल सही असते, आणि डीमार्क या दोघांचा निकाल 'फ्रॉम'मधल्या नावाशी जुळवून बघतो आणि नाही जुळलं तर काय करायचं ते डोमेनवाला आधीच सांगून ठेवतो.

तुमच्या कामाचं एवढंच की लिस्टचा सर्व्हर हे तपासतो का ते होस्टिंगवाल्याला विचारा. तपासत असेल तर मेंबरच्या नावानं आलेला खोटा मेल बहुतेक वेळा दारातच अडतो. थांबवलेल्या मेलचे पूर्ण हेडर, म्हणजे मेल कुठून कसा आला ते सांगणार्‍या ओळी, उघडल्या तर 'ऑथेंटिकेशन रिझल्ट्स' अशी एक ओळ दिसते, त्यात एसपीएफ पास, डीकिम पास असं लिहिलेलं असतं. पास म्हणजे माणूस चांगला असं नाही हं, स्पॅमवालेही स्वतःचं डोमेन घेऊन सगळं पास करून येतात. पास म्हणजे तो ज्या डोमेनचं नाव सांगतोय तिथूनच आलाय, एवढंच. पण फेल असेल आणि नाव मात्र आपल्या खजिनदारांचं असेल, आणि मेलमधे पैसे पाठवा म्हटलं असेल, तर आधी खजिनदारांना फोन लावा.

मेल थांबवला की पाठवणार्‍याला ऑटोमॅटिक कळवायचं का?

मनानं वाटतं की हो, कळवायलाच पाहिजे, नाहीतर तो वाट बघत राहील. अडचण अशी की स्पॅममधे 'फ्रॉम' बहुतेक वेळा चोरलेला असतो, कुठल्यातरी तिसर्‍याच माणसाचा. तुमचा 'आपला मेल तपासणीसाठी थांबवला आहे' हा निरोप त्या तिसर्‍या माणसाला जातो ज्यानं काही पाठवलंच नाही. अशी हजारो ठिकाणांहून उत्तरं आली की त्याची मेलबॉक्स बुडते, आणि त्यातले काही पत्ते तर स्पॅमवाले पकडायला मुद्दाम लावलेले सापळे असतात, तिथे तुमचं उत्तर गेलं की तुमचाच सर्व्हर ब्लॅकलिस्टमधे. रिजेक्टचीही हीच गोची.

म्हणून माझं मत असं की लिस्टच्या पुढे चांगला फिल्टर नसेल तर ऑटो-रिप्लाय बंद ठेवा आणि त्याची भरपाई वेळेवर बघून करा. फिल्टर चांगला असेल, म्हणजे उघड स्पॅम आणि खोट्या नावाचे मेल रांगेपर्यंत येतच नसतील, तर ऑटो-रिप्लाय चालू करायला हरकत नाही, पण तो मराठीत लिहा, दोन ओळींचा, आणि त्यात कधीपर्यंत बघितलं जाईल ते सांगा. सॉफ्टवेअरसोबत जो तयार मजकूर येतो तो वाचून लोकांना वाटतं आपण काहीतरी गुन्हा केला.

लिंक दाबून 'मी माणूस आहे' कन्फर्म करायला लावलं तर?

ही पद्धत जुनी आहे, सगळ्यांना एकदा तरी सुचते. दोन कारणांनी मी नको म्हणते. कन्फर्मेशनचा मेलही त्याच तिसर्‍या माणसाला जातो, वर सांगितलं तसं. आणि आपण गेली कित्येक वर्षं घरातल्या मोठ्या माणसांना शिकवतोय की अनोळखी मेलमधली लिंक दाबू नका, त्यांनी ऐकलंय, आता आपणच दाबायला सांगायचं हे बरोबर नाही.

फिल्टर कुठला लावायचा आणि किती कडक?

स्वतःचा सर्व्हर असेल तर स्पॅमअसॅसिन किंवा आरस्पॅमडी, दोन्ही फुकट आहेत. स्पॅमअसॅसिन प्रत्येक मेलला मार्क देतो आणि मुळात 5 च्या वर गेला की स्पॅम धरतो. लिस्टसाठी मी दोन पट्ट्या ठेवायला सांगते, 5 च्या वरचे थांबवा आणि फार वर गेलेले, 10 किंवा 12, तेवढेच टाकून द्या. मधल्या पट्ट्यात खरे मेल सापडतात, विशेषतः मराठीतले.

ग्रेलिस्टिंगही चांगलं चालतं. अनोळखी सर्व्हरनं मेल आणला की आपला सर्व्हर म्हणतो 'आत्ता नाही, थोड्या वेळानं ये'. खरा सर्व्हर परत येतो, घाईत लाखो मेल टाकणारे बरेच प्रोग्रॅम परत येत नाहीत. पहिला मेल थोडा उशिरा पोचतो, आपल्या कामात त्यानं काही अडत नाही.

एका गोष्टीबद्दल मात्र मला कळकळीनं सांगायचंय. नेटवरून उचललेले फिल्टरचे नियम आंधळेपणानं लावू नका. त्यातले बरेच इंग्रजी लिस्टांसाठी लिहिलेले असतात आणि इंग्रजी नसलेली लिपी दिसली की मार्क वाढवतात, किंवा सब्जेक्ट एन्कोड केलेला, म्हणजे इंग्रजी अक्षरं-आकड्यांत बदललेला, दिसला की वाढवतात, आणि देवनागरी सब्जेक्ट तर नेहमीच एन्कोड होऊन येतो. म्हणजे मराठी मंडळाच्या लिस्टवर मराठीत लिहिलं म्हणून मेल अडकतो. फिल्टरला शिकवता येतं, थांबवलेले खरे मराठी मेल त्याला 'हे चांगले' म्हणून दाखवत राहा, थोड्या काळात फरक दिसतो.

लिस्टचा पत्ता वेबसाइटवर लपवून ठेवला तर?

अ‍ॅट चिन्हाऐवजी 'अ‍ॅट' असं अक्षरात लिहिणं, पत्त्याचा फोटो टाकणं, यानं फार तर थोडा उशीर होतो. एका मेंबरच्या फोनमधला कॉन्टॅक्ट कुठल्या अ‍ॅपनं उचलला की पत्ता बाहेर. फॉर्म ठेवणं जास्त बरं, नाव, प्रश्न, उत्तर कुठं पाठवू, आणि एक चौकट जी माणसाला दिसत नाही पण प्रोग्रॅम भरतो, ती भरलेली असली की टाकून द्या. तिरकी अक्षरं ओळखायला लावणारा कॅप्चा ज्येष्ठांना जमत नाही, तो शेवटचा उपाय.

बाहेरच्या माणसाचा मेल सोडला, लिस्टवर उत्तरंही आली, पण त्याला काहीच पोचलं नाही. असं का?

हा प्रश्न लोक सगळ्यात उशिरा विचारतात आणि खरं तर पहिल्या दिवशी विचारायला पाहिजे. बर्‍याच लिस्टांवर 'रिप्लाय-टू' लिस्टकडे लावलेला असतो, म्हणजे कोणी रिप्लाय दाबलं की उत्तर फक्त लिस्टवर जातं. मेंबरला ते मिळतं, पण विचारणारा मेंबर नाही! मग काका लोक तिथे अर्धा पान माहिती लिहितात, एकमेकांना दुरुस्त करतात, कोणीतरी जुना फोटो जोडतं, सगळे खूश, आणि पुण्याच्या त्या ताईला यातलं एक अक्षर दिसत नाही, ती समजते इंदूरवाल्यांनी दखलसुद्धा घेतली नाही.

'रिप्लाय-टू'चं सेटिंग मूळ पाठवणार्‍याकडे ठेवा आणि मेंबरांना 'रिप्लाय ऑल' शिकवा, कर्नलच्या लिस्टवर हीच शिस्त आहे, आणि म्हणूनच तिथे बाहेरच्याला उत्तरं मिळतात. ते जमत नसेल, कारण ज्येष्ठ मंडळी रिप्लायच दाबणार, तर मॉडरेटरनं मेल सोडतानाच वर एक ओळ टाकावी: 'या ताई लिस्टवर नाहीत, उत्तर त्यांच्या अ‍ॅड्रेसवरही पाठवा'. आणि दोन-तीन दिवसांनी मॉडरेटरनं स्वतः बघावं की पोचलं का. नसेल तर सगळी उत्तरं एकत्र करून फॉरवर्ड करावी. दहा मिनिटांचं काम आहे. सगळी स्पॅमची लढाई ज्यासाठी चाललीय ते हेच.

याहूवाल्या जुन्या मेंबरांचे मेल काहींना पोचत नाहीत, हा फिल्टरचा दोष का?

नाही, तो डीमार्क. एप्रिल 2014 मधे याहूनं आपल्या डोमेनसाठी सांगून टाकलं की आमच्या नावाचा मेल तपासणीत नापास झाला तर घेऊच नका, त्याच महिन्यात एओएलनंही तेच केलं. लिस्टमधून फिरून आलेला मेल नापास होतो कारण लिस्ट त्यात सब्जेक्टला मंडळाचं नाव जोडते, खाली टीप जोडते, सही मोडते. मेलमनमधे यासाठी सेटिंग आहे, अशा डोमेनचा मेल असेल तर 'फ्रॉम'मधे लिस्टचा पत्ता टाकायचा, ते चालू करा. मात्र तसं केलं की मूळ माणसाचा पत्ता 'फ्रॉम'मधून जातो, तेव्हा तो रिप्लाय-टूमधे येतोय ना ते तपासा, नाहीतर वरच्या प्रश्नातली पंचाईत परत.

अटॅचमेंट?

बाहेरच्यांकडून नको, निदान पहिल्या मेलला नको. मेलमनच्या दुसर्‍या व्हर्जनमधे मुळात 40 केबीच्या वरचा मेल तसाही थांबतो. पत्रिका, फोटो असेल तर मॉडरेटरनं मागवून घ्यावा.

आपलेच लोक जाहिराती टाकतात, मंगल कार्यालय, विमा, दिवाळीचा फराळ. तो स्पॅम धरायचा का?

मशीनच्या दृष्टीनं हा स्पॅम नाहीच, खरा माणूस, खरा पत्ता, मराठी उत्तम. म्हणून नियम माणसांनी करायचे. फराळ करणार्‍या मावशींचा मेल मी सोडते, वर्षातून एकदा येतो, लोकांना हवा असतो, आणि त्या मावशींचं त्यावर घर चालतं. विम्याचा माणूस दर आठवड्याला तोच मजकूर टाकत असेल तर त्याला फोन करून सांगते की वर्षातून दोनदा, त्यापेक्षा जास्त नाही. मेलवर सांगू नका, फोन करा, आवाज ऐकला की माणसं समजून घेतात. मेंबर आणि बाहेरचे दोघांना एकच नियम लावा, आणि तो लिस्टच्या माहितीत लिहून ठेवा म्हणजे कोणाला असं वाटणार नाही की माझाच अडवला.

हे सगळं बघणार कोण? आमच्याकडे एकच सेक्रेटरी आहेत आणि ते वैतागलेत.

एकट्यावर ठेवूच नका. होल्ड ही पद्धत तोपर्यंतच चांगली जोपर्यंत रांगेकडे रोज कोणीतरी बघतंय, बघणारं कोणी नसेल तर ती डिस्कार्डच झाली, फक्त हळू. तीन जण घ्या, वार वाटून घ्या, त्यातलं एक तरी बाहेरगावचं असू द्या, कारण अनंत चतुर्दशीला झाक्या (सजवलेले चित्ररथ) बघायला अख्खं गाव रस्त्यावर असतं आणि पेंडिंग तसंच पडून राहतं. निवृत्त मंडळींना हे काम आवडतं असा माझा अनुभव आहे, त्यांना माणसं ओळखता येतात आणि कुठला प्रश्न कोणाकडे पाठवायचा ते तोंडपाठ असतं. एखादी कॉलेजमधली मुलगी सोबत द्या सेटिंगसाठी.

थांबवलेले मेल किती दिवसांनी आपोआप पुसले जातात ते सेटिंगही बघा. ते फार कमी ठेवलं तर सुट्टीवरून परत येईपर्यंत खरे मेल गेलेले असतात. आणि मॉडरेटरला रोज आठवणीचा मेल येऊ द्या, वैतागून तो बंद करतात आणि मग रांग विसरली जाते.

मॉडरेटरनं मेलमधे दुरुस्ती करावी का?

शुद्धलेखन वगैरे अजिबात नाही. पण अनोळखी माणसानं घरचा पत्ता, आईचा आजार, मोबाइल नंबर असं सगळं लिहिलं असेल आणि आर्काइव्ह सगळ्यांना उघडं असेल, तर सोडायच्या आधी त्याला विचारा की हे वेबवर दिसेल, चालेल का. बर्‍याच जणांना वाटतं आपण फक्त मंडळाच्या ऑफिसला लिहितोय. आर्काइव्ह फक्त मेंबरांसाठी ठेवणं सगळ्यात बरं, लिहिणं सगळ्यांना उघडं आणि वाचणं मेंबरांना, असं चालतं.

रक्त हवंय, दवाखान्यात कोणी हवंय असा तातडीचा मेल बाहेरून आला आणि तो रात्रभर अडकला तर?

म्हणूनच लिस्टच्या माहितीत अगदी वर मंडळाच्या दोन जणांचे फोन नंबर हवेत, त्यांची परवानगी घेऊन, आणि स्पष्ट लिहिलेलं हवं की तातडीचं असेल तर मेल नको, फोन करा. तो फोन ज्याच्याकडे जाईल त्यानं स्वतःच्या अ‍ॅड्रेसवरून लिस्टवर टाकावं, तो मेंबर असल्यामुळे कुठंही न थांबता लगेच जातं, आणि सोबत व्हॉट्सअ‍ॅपवरही.